नोंदवह्यांचीही नोंद हवी : एडगर कॉड यांचे जीवनकार्य



मागील सत्रात आमच्या कार्यालयात एक माजी विद्यार्थी आले. १९७० च्या दशकात ते आपल्या शाळेत शिकले होते. त्यांना जन्मतारखेचा प्रमाणित उतारा हवा होता. काम लहानसे होते. स्कॉलर रजिस्टर काढायचे, नाव शोधायचे, उतारा लिहून सही-शिक्का करून द्यायचा. परंतु ते रजिस्टर मिळेना. आपले बडे बाबू सेवानिवृत्त होऊन काही वर्षे झालेली, आणि कोणते रजिस्टर कोणत्या अलमारीत आहे हे सारे त्यांच्या डोक्यात होते. एका अलमारीच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली सापडली. यादी सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईत लिहिलेली होती. परंतु ती लिहिल्यानंतर दोन अलमाऱ्यांची जागा बदलली होती आणि यादी कोणी बदलली नव्हती. शेवटी अकराव्या दिवशी ते रजिस्टर खेळाच्या सामानामागे मिळाले. त्या गृहस्थांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, पण आम्हाला फार ओशाळल्यासारखे झाले.

त्या अकरा दिवसांत आम्हाला वारंवार एका माणसाची आठवण होत होती. आपल्या संगणक कक्षात विद्यार्थी ज्या डेटाबेसचे धडे गिरवतात, त्याचा पाया घालणारे गणितज्ञ म्हणजे एडगर फ्रँक कॉड. त्यांना जाऊन आता दोन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येते, बारा नियम परीक्षेसाठी पाठ होतात आणि परीक्षा झाली की विसरले जातात. त्या बारांपैकी चौथा नियम आमच्या अलमारीच्या दारावरील यादीविषयीच आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून या अंकात आम्ही त्यांचे चरित्र सांगत आहोत.

बालपण आणि युद्ध

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंड नावाचे एक खडकाळ बेट आहे. तेथील पांढरा दगड प्रसिद्ध असून लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल त्याच दगडाचे आहे. या बेटावर १९ ऑगस्ट १९२३ रोजी एडगर यांचा जन्म झाला. वडील चामड्याच्या वस्तू तयार करण्याच्या व्यवसायात होते आणि आई शिक्षिका होती. सात भावंडांत एडगर सर्वांत धाकटे. पुढे जवळची माणसे त्यांना टेड म्हणत.

पूल या गावच्या ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले आणि पूर्ण शिष्यवृत्ती मिळवून ते ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात दाखल झाले. विषय होता रसायनशास्त्र. पण तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. १९४२ साली शिक्षण अर्धवट ठेवून ते ब्रिटिश हवाई दलात गेले. तेथे किनारा-रक्षक विभागात त्यांनी सुंदरलंड जातीची, पाण्यावर उतरणारी मोठी विमाने चालवली. युद्ध संपल्यावर ते ऑक्सफर्डला परतले, तेव्हा त्यांनी रसायनशास्त्र सोडून गणित घेतले आणि १९४८ साली पदवी मिळवली. विषय बदलला म्हणजे वर्षे वाया गेली, असे समजणाऱ्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

दुकानातील नोकरी ते संगणक

१९४८ मध्येच कॉड अमेरिकेत न्यूयॉर्कला गेले. ऑक्सफर्डची पदवी हाती असूनही पहिली नोकरी मिळाली ती मेसीज या मोठ्या दुकानात, पुरुषांच्या खेळाच्या कपड्यांच्या विभागात विक्रेत्याची. त्यानंतर काही महिने त्यांनी टेनेसी विद्यापीठात गणित शिकवले. १९४९ साली ते आय.बी.एम. या कंपनीत गणिती प्रोग्रामर म्हणून रुजू झाले.

त्या वेळी कंपनीचे एक प्रचंड गणनयंत्र न्यूयॉर्कच्या ५७ व्या रस्त्यावर तळमजल्यावर ठेवलेले होते. त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या आणि रस्त्याने जाणारे लोक काचेतून ते यंत्र चालताना पाहत असत. कॉड या यंत्रासाठी प्रोग्राम लिहीत. संगणक म्हणजे काय हे ठाऊक असणारी माणसे जगात थोडी होती, त्यांत ते होते.

परंतु १९५३ साली त्यांनी अमेरिका सोडली. तेव्हा सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी साम्यवादी शोधून काढण्याच्या नावाखाली अनेक निर्दोष नागरिकांना चौकशीच्या फेऱ्यात अडकवले होते. हे वातावरण कॉड यांना सहन झाले नाही. चांगली नोकरी सोडून ते कॅनडात ओटावा येथे गेले आणि तेथे एका कंपनीचा संगणक विभाग सांभाळू लागले. १९५७ साली आपल्या जुन्या वरिष्ठांशी योगायोगाने भेट झाली आणि ते आय.बी.एम. मध्ये परतले. तेथे स्ट्रेच नावाच्या मोठ्या संगणकावर, एकाच वेळी अनेक प्रोग्राम कसे चालवावेत, या प्रश्नावर त्यांनी काम केले.

यानंतरची गोष्ट विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावी. हाती अनुभव होता, नाव होते, तरीही आपला सैद्धांतिक पाया कच्चा राहू नये म्हणून कंपनीची शिष्यवृत्ती घेऊन ते मिशिगन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी झाले. १९६५ साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय होता स्वतःसारखी प्रतिकृती स्वतःच निर्माण करणाऱ्या काल्पनिक यंत्रांचा. थोर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी अशा यंत्राच्या प्रत्येक घरासाठी २९ अवस्था वापरल्या होत्या. कॉड यांनी ८ अवस्थांत ते काम होते, हे दाखवले. एखादी व्यवस्था स्वतःचे वर्णन स्वतःच्या पोटात बाळगू शकते, या विचाराशी त्यांचा परिचय येथे झाला, हे पुढे उपयोगी पडेल.

वाटा माहीत असलेली माणसे

१९६० च्या दशकाच्या अखेरीस कॉड कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत आले. मोठमोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी खाती आपली माहिती संगणकात भरू लागली होती. आय.बी.एम. चा आय.एम.एस. नावाचा डेटाबेस तेव्हा नुकताच बाजारात आला होता. चंद्रावर माणूस पाठवण्याच्या अपोलो मोहिमेतील सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी तो विकसित झाला होता. त्यात माहिती झाडाच्या रूपात ठेवलेली असे. खोडापासून फांदीकडे, फांदीपासून डहाळीकडे अशा वाटेने जाऊन हवी ती नोंद गाठायची.

यात अडचण काय होती? वाट प्रोग्रामरला ठाऊक असावी लागे आणि ती वाट प्रोग्राममध्येच लिहिलेली असे. उद्या कोणी माहितीची मांडणी बदलली, तर वाट चुकत असे आणि प्रोग्राम बंद पडत असे. कॉड यांनी याचे एक सोपे उदाहरण घेतले. एका कारखान्यात सुटे भाग आहेत आणि प्रकल्प आहेत. कोणत्या प्रकल्पाला कोणता भाग किती लागतो, एवढीच माहिती ठेवायची आहे. ती झाडाच्या पद्धतीने पाच वेगवेगळ्या प्रकारे ठेवता येते, हे त्यांनी मांडून दाखवले. एका प्रकारात प्रकल्पांखाली भाग, दुसऱ्यात भागांखाली प्रकल्प, अशी ती पाच रूपे. आता एक मांडणी गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम घ्या. उरलेल्या चारांपैकी किमान तीन मांडण्यांवर तो चालणार नाही. माहिती तीच, प्रश्नही तोच, तरी उत्तर मिळत नाही, कारण वाट बदलली.

आपल्या शाळेत असेच झाले. रजिस्टर होते, त्यातील नाव होते, पण वाट बडे बाबूंच्या डोक्यात होती.

यावर कॉड यांनी सुचवलेला उपाय गणितातील संबंध या संकल्पनेवर आधारलेला होता. सारी माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी. तक्त्याला नाव असावे, रकान्यांना नावे असावीत, प्रत्येक ओळ ही एक नोंद असावी. ओळींचा क्रम काय आहे, तक्ता चकतीवर कोठे आहे, त्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, या गोष्टींशी विचारणाऱ्याचा काही संबंध नसावा. काय हवे ते त्याने सांगावे, कसे आणायचे ते यंत्राने पाहावे. ऑगस्ट १९६९ मध्ये कंपनीच्या अंतर्गत अहवालात आणि जून १९७० मध्ये अमेरिकेच्या संगणक संघटनेच्या मासिकात हा विचार प्रसिद्ध झाला. तो लेख मोजक्याच पानांचा होता.

स्वतःच्याच घरात विरोध

इतका चांगला विचार कंपनीने डोक्यावर घेतला असेल, असे कोणालाही वाटेल. तसे झाले नाही. आय.एम.एस. वर कंपनीचे मोठे उत्पन्न अवलंबून होते. ग्राहकांना विकलेल्या मालाची पद्धतच चुकीची आहे, असे आपलाच कर्मचारी सांगतो, हे व्यवस्थापनाला कसे रुचावे? शिवाय त्यांचे लेखन गणिती भाषेत असल्याने अनेकांना ते अवघड वाटे.

बाहेरही विरोध होता. चार्ल्स बाकमन हे डेटाबेस क्षेत्रातील मोठे नाव. १९७३ साली त्यांना संगणक क्षेत्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. प्रोग्रामर हा माहितीच्या सागरातील नावाड्यासारखा असतो, वाटा त्याला माहीत असल्याच पाहिजेत, असे त्यांचे मत होते. १९७४ साली अॅन आर्बर येथे एका परिषदेत दोन्ही पक्षांचा जाहीर वाद झाला. त्या वादाची आठवण जाणकार अजूनही काढतात. यंत्र स्वतः वाट शोधील आणि तीही पुरेशी लवकर, यावर त्या काळी फार थोड्यांचा विश्वास होता.

हा विश्वास दोन ठिकाणच्या प्रयोगांनी निर्माण झाला. आय.बी.एम. च्या सॅन होजे प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाचा प्रकल्प सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली, तीच पुढे एस.क्यू.एल. म्हणून प्रसिद्ध झाली. दुसरीकडे बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर व यूजीन वाँग यांनी इंग्रेस हा डेटाबेस उभा केला. कॉड स्वतः मात्र त्या काळात सामान्य माणसाला साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता यावा, अशा रांदेव्हू नावाच्या प्रणालीवर काम करत होते. प्रश्न संदिग्ध असेल तर ती प्रणाली उलट प्रश्न विचारून खुलासा करून घेत असे.

सूची कोठे ठेवायची?

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. वाट जर प्रोग्राममध्ये लिहायची नाही, माणसाच्या डोक्यातही ठेवायची नाही, तर तिचे ज्ञान गेले कोठे? ते कोठेतरी असलेच पाहिजे. कोणते तक्ते आहेत, त्यांत कोणते रकाने आहेत, कोणत्या रकान्यात अंक आहेत आणि कोणत्यात तारीख, कोणाला काय पाहण्याची परवानगी आहे, हे यंत्राला ठाऊक नसेल तर ते उत्तर कसे देणार?

याचे उत्तर म्हणजे सिस्टिम कॅटलॉग, म्हणजे डेटाबेसची स्वतःविषयीची सूची. आणि या सूचीची गंमत अशी की, ती स्वतःही तक्त्यांचीच बनलेली असते.

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात आणि सूचीची कार्डे निराळ्या खणांत असतात. पुस्तक वाचण्याची रीत वेगळी आणि कार्ड शोधण्याची रीत वेगळी. कॉड यांच्या पद्धतीत सूची हीसुद्धा कपाटातील एक पुस्तकच असते. इतर पुस्तके ज्या रीतीने वाचायची, त्याच रीतीने तीही वाचायची.

समजा, आपल्या शाळेच्या डेटाबेसमध्ये विद्यार्थी, शुल्क आणि ग्रंथालय असे तीन तक्ते आहेत. तर आणखी एक तक्ता असेल, त्याचे नाव तक्ते. त्यात एका ओळीत विद्यार्थी, दुसऱ्या ओळीत शुल्क, तिसऱ्या ओळीत ग्रंथालय असे लिहिलेले असेल. पाचवा तक्ता असेल रकाने. त्यात प्रत्येक रकान्याचे नाव, तो कोणत्या तक्त्यातला आणि कोणत्या प्रकारचा, हे असेल. आता मुलांनो, विचार करा. तक्ते नावाच्या तक्त्यात किती ओळी असतील? तीन म्हणाल तर उत्तर चुकेल. उत्तर आहे पाच. कारण तक्ते आणि रकाने हेही तक्तेच आहेत, म्हणून त्यांचीही नोंद तेथे असलीच पाहिजे. सूचीत सूचीचे नाव असते.

ही नुसती कल्पना नाही. बर्कलेच्या इंग्रेसमध्ये रिलेशन नावाचा असाच तक्ता होता आणि त्यात सर्व तक्त्यांची, त्याच्या स्वतःचीसुद्धा, नोंद होती. इंग्रेसच्याच परंपरेतून आलेल्या पोस्टग्रेस या आजच्या डेटाबेसमध्ये पीजी_क्लास नावाचा तक्ता आहे आणि त्यात पीजी_क्लासची स्वतःची ओळ आहे. आपल्या संगणक कक्षात कोणत्याही विद्यार्थ्याने शिक्षकांच्या परवानगीने ती पाहावी.

सूचीचा उपयोग काय? समजा एखाद्याने विचारले की, आपल्याकडे जन्मतारीख कोणकोणत्या तक्त्यांत लिहिलेली आहे? रकाने या तक्त्याला एक प्रश्न विचारला की क्षणात उत्तर मिळते. आम्हाला यासाठी अकरा दिवस लागले होते.

दुसरा उपयोग यंत्राचा स्वतःचा. तुम्ही प्रश्न विचारला की उत्तर शोधण्याआधी यंत्र प्रथम ही सूची वाचते. असा तक्ता आहे का? त्यात असा रकाना आहे का? विचारणाऱ्याला अधिकार आहे का? तक्त्यात अंदाजे किती ओळी आहेत, आणि कोणत्या वाटेने गेल्यास लवकर पोहोचता येईल? म्हणजे बाकमन यांचा नावाडी ज्या वाटा डोक्यात ठेवत असे, त्या निवडण्यासाठी लागणारी माहिती आता सूचीत आली आणि वाट निवडण्याचे काम यंत्राकडे गेले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ही सूची कोणी वेगळी लिहून ठेवत नाही. नवा तक्ता निर्माण केला की त्याच क्षणी तिच्यात ओळ येते, तक्ता काढून टाकला की ती ओळ जाते. वस्तू एकीकडे आणि यादी दुसरीकडे, असे होत नाही. म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो.

बारा नियम

१९७९ मध्ये ओरॅकल हा व्यापारी डेटाबेस बाजारात आला. स्वतः आय.बी.एम. ने आपले पहिले असे उत्पादन १९८१ मध्ये आणि डीबी२ हे १९८३ मध्ये आणले. १९८१ सालचा ट्युरिंग पुरस्कार कॉड यांना मिळाला. विरोध मावळला होता. परंतु आता निराळीच अडचण उभी राहिली. कॉड यांचा विचार गाजू लागताच प्रत्येक विक्रेता आपल्या जुन्या मालावर नवे लेबल लावू लागला. आतून सारे पूर्वीसारखेच, पण नाव मात्र रिलेशनल.

कॉड यांना हे मुळीच आवडले नाही. १९८४ साली त्यांनी आय.बी.एम. सोडली होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये कॉम्प्युटरवर्ल्ड या साप्ताहिकात दोन लेख लिहून त्यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसची कसोटी जाहीर केली. तीच बारा नियमांची यादी. एक पायाभूत नियम शून्य क्रमांकाचा असल्याने मोजायला गेल्यास ते तेरा होतात.

पहिला नियम म्हणतो की, सारी माहिती तक्त्यांतील मूल्यांच्या रूपातच असावी. तक्त्यांची आणि रकान्यांची नावेसुद्धा त्याला अपवाद नाहीत. चौथा नियम सूचीविषयी आहे. डेटाबेसचे वर्णन सामान्य माहितीसारखेच तक्त्यांत असावे, ते नेहमी चालू स्थितीत असावे आणि ज्याला अधिकार आहे त्याला ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे, असा त्याचा आशय आहे. सूची फक्त तज्ज्ञांना कळेल अशा गुप्त लिपीत ठेवणे त्यांना मान्य नव्हते. शिक्षकाला विद्यार्थ्यांविषयी प्रश्न विचारता येत असेल, तर कोणती माहिती कोठे आहे हेही त्याला त्याच भाषेत विचारता आले पाहिजे. मात्र अधिकार हा शब्द त्यांनी गाळला नाही. माहिती उघडी असणे आणि ती कोणाच्याही हाती पडणे, यांत फरक आहे.

या कसोटीला तेव्हाचे एकही उत्पादन पूर्णपणे उतरत नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या जुन्या कंपनीच्या उत्पादनालाही त्यांनी सूट दिली नाही. एस.क्यू.एल. भाषेवरही त्यांनी टीका केली. तिच्यात एकसारख्या दोन ओळी चालतात हे त्यांच्या मते गणिताला सोडून होते. पुढे १९९२ च्या एस.क्यू.एल. मानकात सूची पाहण्याची एक समान पद्धत ठरवली गेली. सर्व विक्रेत्यांनी ती पाळलेली नाही, तरीही चौथा नियम आज जवळजवळ प्रत्येक रिलेशनल डेटाबेसमध्ये कोणत्या ना कोणत्या रूपात दिसतो.

अखेरची वर्षे

आय.बी.एम. सोडल्यानंतर कॉड यांनी ख्रिस डेट या सहकाऱ्यासह सल्लागार संस्था काढली, व्याख्याने दिली आणि १९९० साली आपल्या सिद्धांताची सुधारित मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. त्यात नियमांची संख्या बारावरून शेकड्यांवर गेली होती. काहींना हा अतिरेक वाटला. १९९३ साली मोठ्या माहितीच्या विश्लेषणासंबंधी त्यांनी एक लेख लिहिला. तो एका विक्रेत्या कंपनीच्या साहाय्याने लिहिलेला असल्याचे उघड झाल्यावर त्यांच्यावर टीकाही झाली. इतरांना कठोर कसोटी लावणाऱ्याला हे ऐकून घ्यावे लागले. थोर माणसांच्या चरित्रात अशी पानेही असतात, ती वगळून चरित्र सांगू नये असे आम्हाला वाटते.

१८ एप्रिल २००३ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, राहत्या घरी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय ७९ वर्षे. पुढच्या वर्षापासून डेटाबेस क्षेत्रातील एक प्रतिष्ठेचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला. आज बँकेतील खाते, रुग्णालयातील नोंद, दुकानातील बिल, यांपैकी बहुतेक माहिती तक्त्यांत ठेवली जाते आणि त्या प्रत्येक तक्त्याची ओळ कोणत्या तरी सूचीत असते. ती सूची दिवसातून असंख्य वेळा वाचली जाते, परंतु आपल्याला दिसत नाही.

आपण काय शिकावे

सन्माननीय विश्वस्त मंडळी, आमच्या बडे बाबूंचा यात काही दोष नव्हता. त्यांनी तीस वर्षे शाळेची सेवा केली आणि विचारले तेव्हा प्रत्येक कागद काढून दिला. दोष आमचा. आम्ही त्यांना कागद मागितला, पण तो कोठे आहे हे लिहून ठेवा असे कधी सांगितले नाही. माणसाच्या स्मरणशक्तीचा आदर करावा, पण संस्था तिच्यावर सोपवून निश्चिंत राहू नये.

म्हणून या सत्रापासून कार्यालयात एक नवीन रजिस्टर सुरू केले आहे. शाळेतील प्रत्येक नोंदवहीचे नाव, ती कोणत्या वर्षांची, कोणत्या अलमारीत, कोणाच्या ताब्यात आणि ती पाहण्याचा अधिकार कोणाला, हे त्यात लिहिलेले आहे. वही हलवली तर त्याच दिवशी त्यात बदल करायचा आणि खाली सही करायची, असा नियम केला आहे. शिपाईदादांपासून आमच्यापर्यंत सर्वांना तो लागू आहे. पुढे शाळेच्या नोंदी संगणकावर आणण्याचा विषय आपल्या बैठकीत येईल, तेव्हा काम देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा अशी विनंती आहे. माहिती कोठे कशी ठेवली आहे याचे वर्णन शाळेच्या हाती राहणार आहे, की ते काम करून देणाऱ्याच्या डोक्यात राहणार आहे?

आणि मुलांनो, सुट्टीत एक काम करा. घरात असलेल्या महत्त्वाच्या कागदांची, आजोबांच्या पेन्शनच्या पुस्तकापासून स्वतःच्या गुणपत्रिकेपर्यंत, एक यादी करा. कोणता कागद कोठे आहे ते आई-बाबांना विचारून लिहा. आणि ती यादी कोठे ठेवली आहे, हेही त्याच यादीत लिहायला विसरू नका.

आमच्या नव्या रजिस्टरात पहिल्या ओळीवर त्याच रजिस्टराचे नाव आहे. ते आहे दोन नंबरच्या अलमारीत, वरच्या खणात.